फक्कीच्या रेषेपलीकडचा मेंढा

साहेब, बानूबाईच्या मेंढरांत रोग तुम्ही घातलात. वाऱ्यावर आला नाही, कोल्ह्यानं आणला नाही. टेम्पोत चढवून, वाटेत पाणी पाजून, कागदावर शिक्का मारून तुम्ही तो आळेफाट्यापर्यंत आणलात. वर त्याच्याभोवती पंचवीस अधिकारी उभे करून शिकवलंत की परदेशातला रोग देशाच्या दारातच कसा अडवायचा. तुमचं नाव मी इथं घालत नाही. तुमची बदली होईल आणि त्या खुर्चीत दुसरा बसेल, तो म्हणेल तो मी नव्हेच. म्हणून खुर्चीलाच बोलतो.

मी भिमा. तुमच्याच जनावरांच्या दवाखान्यात अकरा वर्षं रोजंदारीवर परिचर. शेण काढतो, सुया उकळतो, जनावर धरतो. शाळा सातवीपर्यंत. माझा बाप आण्याच्या पठारावर मेंढरं राखायचा आणि बानूबाई त्याची धाकटी बहीण, माझी आत्या. तिच्याकडं एकशेदहा मेंढरं होती. होती, असं लिहावं लागतंय.

दोन हजार चार साल, गणपतीच्या आधीचा आठवडा. बंदरावर, विमानतळावर बाहेरून आलेली जनावरं, मांस, दूधभुकटी तपासायला जे अधिकारी बसणार होते, त्यांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण तुम्ही फाट्याजवळच्या मंगल कार्यालयात ठेवलंत. लग्नाचा हंगाम नव्हता. स्टेजवर मागच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं तशीच होती, त्याच्याखाली बसून तुम्ही साथीच्या रोगांवर बोललात. मागच्या आवारात, जिथं आचारी पातेली घासतात, तिथं तुम्ही मला फक्कीची पांढरी रेघ मारायला लावलीत. रेघेच्या अलीकडं भारत. पलीकडं परदेश. पलीकडं बांबूचं एक कुंपण आणि त्याला फाटक.

"भिमा, हात लावायला जिवंत मेंढ्या पाहिजेत," तुम्ही म्हणालात. "तुझ्या पाहुण्यांत कोणाच्या असतील बघ."

मी आण्याला गेलो. आत्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोकरं मोजत होती. मी सांगितलं, बावीस मेंढरं पाहिजेत, एक दिवस, बदल्यात जंताचं औषध फुकट.

"दुसऱ्याची मेंढरं असत्याल का तितं?"

"नाय. फक्त तुझीच."

"दुसऱ्याच्या मेंढराच्या वाऱ्याला मी उभी ऱ्हात न्हाई, तुला म्हाईत हाय. तुजा बाप असता तर त्यानं इचारलंबी नसतं."

"आत्ये, सरकारी काम हाय. रोग येऊ नये म्हनूनच तर ते शिकत्यात."

"सरकारला आजून शिकायचंय व्हय?" ती हसली. "मग आमच्यात आनून बसवा की चार म्हयनं. फुकाट शिकवू."

ती थट्टेत बोलली, पण ते खरं आहे. आमच्यात एखाद्याच्या मेंढरांना देवी आली, अंगावर फोड उठले, की तो माणूस आपण होऊन वाट सोडतो. दुसऱ्याच्या पाणवठ्यावर जात नाही. कातरायची कात्री कोणाला देत नाही, कोणाची मागत नाही. कुत्रं बांधून घालतो, कारण कुत्रं वाडे फिरतं. पाहुणा आला तर लांबूनच हात करून परत लावतो, मग तो जावई का असेना. शेवटची खपली गळून एक अमावास्या गेली की मगच बाकीच्यांना मिसळतो. हे कोणी परिपत्रक काढून सांगितलेलं नाही आणि कोणी मोडलेलं मी पाहिलं नाही.

तरी ती आली. माझ्या शब्दावर आली.

सकाळी दहाला दादाभाऊ ड्रायव्हर टेम्पो घेऊन आला. त्यातून मेंढा उतरला. परदेशी, घोड्याच्या शिंगराएवढा, लोकर मानेवर वळकट्या पडलेली. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत की असे बारा नर गावोगाव पैदाशीला वाटायला विमानानं आलेत, सरकारी फार्मवर महिनाभर वेगळे कोंडून ठेवले होते, क्वारंटाइन पूर्ण झालं, आणि हे त्याचं प्रमाणपत्र. खाली सही तुमची. प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुंपणाला टाचणीनं अडकवलंत.

मग प्रात्यक्षिक. प्रत्येकानं आधी मेंढ्याला तपासायचं, तोंड उघडून, शेपटी उचलून, ताप बघून, फॉर्म भरायचा. मग रेघ ओलांडून आमच्या बावीस मेंढरांतलं एक तपासायचं, दुसरा फॉर्म भरायचा. पंचवीस माणसं आणि हातमोज्यांचे जोड चार. थर्मामीटर दोन. मेंढ्याच्या तोंडात घातलेला हात रेघेवरून येऊन मेंढीच्या तोंडात जात होता. मी बादलीत जंतुनाशक कालवून ठेवलं होतं. तिच्यात सकाळपासून एकानं हात बुडवला, तोसुद्धा पेनाची शाई धुवायला. मी पाय धरून बसलो होतो, मला ते सगळं गुडघ्याच्या उंचीवरून दिसत होतं.

नागपूरकडच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मेंढ्याचा ओठ उलटा केला आणि बराच वेळ सोडलाच नाही. फॉर्मवर लिहिलं: वरच्या ओठावर खपल्या, शेपटीखाली दोन गाठी, ताप एकशेपाच. प्रवेश देऊ नये.

तुम्ही फॉर्म बघितलात. "मॅडम, सोबतचं प्रमाणपत्र वाचलंत?"

"वाचलं सर."

"त्यात काय म्हटलंय?"

"निरोगी."

"मग?"

"मी आधी जनावर बघितलं, सर."

सगळे हसले. हसू तुम्हालाही आलं. "पहिली गोष्ट, कागदपत्रं. जनावर नंतर. हा क्रम उलटा केलात तर बंदरावर जहाजं तुंबतील." आणि तुम्ही लाल पेनानं त्यांच्या फॉर्मवर फुली मारलीत, बाजूला 'चूक' लिहून सही ठोकलीत. बाकी चोवीस जणांनी निरोगी लिहिलं. त्यातल्या चार-पाच जणांनी मेंढ्याला हातसुद्धा लावला नव्हता.

मी म्हणालो, "साहेब, ओठाला हाय खरं कायतरी."

"भिमा, तू पाय धर."

मी पाय धरला.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. अन्न तपासणीच्या धड्यासाठी तुम्ही मुंबईहून एक खोकं मागवलं होतंत: परदेशी चीजचे डबे, दूधभुकटी, गोठवलेले कोंबडीचे पाय. सकाळी टेबलावर मांडले होते, वास कसा घ्यायचा, रंग कसा बघायचा, हे दाखवायला. बारापर्यंत ते पाय विरघळून टेबलावरून लाल पाणी गळत होतं आणि माश्या बसल्या होत्या. धडा असा होता की असा माल जाळून पुरून टाकायचा. तुमच्या क्लार्कनं रजिस्टरला लिहिलं, नमुने नष्ट केले. आणि आचाऱ्याला हाक मारून सांगितलं, जरा तिखट घाल. चीज तुम्ही बिस्किटाला लावून खाल्लंत. डबा बोटानं पुसून खाणारे एक अधिकारी आज विमानतळावर बसतात म्हणे. मला त्या दिवसापासून कोंबडीचा रस्सा समोर आला की ते टेबल दिसतं.

तुम्ही आत जेवत होतात आणि आवारात मी आणि आत्या दोघंच होतो. ती मेंढ्याकडं बघत उभी होती. तिच्या पाहण्यात काय होतं ते मला कळलं. चांगला नर दिसला की मेंढपाळाचा जीव राहत नाही. शेजारच्याचा असला तरी मागून घेतो, एक दोन मेंढ्या लावून घेतो, त्यात कोणाला वावगं वाटत नाही.

"भिमा, ह्याचं पोट बग. चार-पाच मेंढ्या लावून घेऊ का रं? साल-सहा म्हैन्यांत वाडा उजळल."

"आत्ये, त्याच्या ओठाला..."

"ते मीबी बगितलं. म्हनून तर तुला इचारती. त्यो कागद काय म्हंतोय?"

साहेब, इथं मी माझंही लिहितो, कारण पुढं तुम्ही ते माझ्यावर लिहिलंत. मी कुंपणाजवळ गेलो. प्लास्टिकच्या पिशवीतला कागद पाहिला. सिंहाचं चित्र, गोल शिक्का, तुमची सही. डॉक्टरीणबाईंचं ऐकलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी खपल्या पाहिल्या होत्या. माझ्या बापानं तो नर शंभर पावलांवरून परत लावला असता. पण मी अकरा वर्षं तुमच्याकडं शिकलो होतो की आधी कागद बघायचा.

"निरोगी हाय," मी म्हणालो, आणि फाटक काढलं.

मेंढा अर्धा तास आमच्या मेंढरांत होता. तुम्ही हात पुसत बाहेर आलात तोवर मी त्याला परत कोंडला होता.

संध्याकाळी दादाभाऊ मेंढा चढवायला आला. दोर बांधता बांधता म्हणाला, "भाऊ, ह्याला परत न्यायचा का आता फार्मवर? त्याचा म्हैना आजून पुरा व्हायचा ऱ्हायलाय की."

"झालाय म्हैना."

"कशाचा म्हैना राव. आजचा अकरावा दीस. मीच विमानतळावनं आनलाय. काल फोन आला, उचल एक, साहेबांना दाखवायला पायजे."

मी पळत जाऊन पिशवीतला कागद काढला. क्वारंटाइन पूर्ण केल्याची तारीख अठ्ठावीस सप्टेंबर. त्या दिवशी नऊ सप्टेंबर होता. पंचवीस अधिकाऱ्यांनी तो कागद वाचला, चोवीस जणांनी त्याच्यावर मार्क मिळवले, आणि पुढची तारीख एकालाही दिसली नाही. मलाही दुपारी दिसली नव्हती.

आत्या मेंढरांसोबत परतीच्या ट्रकमध्ये चढत होती. मी तिला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. मला कायम करायची फाईल तुमच्या टेबलावर होती, आणि मला वाटलं, नसेलही काही. क्लार्कनं सगळे फॉर्म जाळायला माझ्याकडं दिले. मी बाकीचे सगळे जाळले. लाल फुलीचा एक ठेवला, आणि तुमच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स काढून त्याला जोडली. एवढंच शहाणपण केलं, तेही गुपचूप.

बाराव्या दिवशी निरोप आला. मी पोचलो तेव्हा आत्यानं वाघर वाटेपासून दूर, ओसाड खडकाळ बाजूला हलवली होती. कुत्रं बांधलेलं. तिनं लांबूनच हात केला.

"तितंच थांब. पाय आत घालू नको. तू दवाखान्यात जातूस, धा जनावरांना हात लावतूस."

बावीसातल्या सतरांच्या ओठावर, सडांवर, शेपटीखाली फोड उठले होते. डोळे चिकटलेले. सड सुजल्यामुळं मेंढ्या कोकरांना लाथा मारत होत्या आणि कोकरं तोंड फुटलेलं घेऊन परत परत आईकडं जात होती. काहींना ती बाटलीनं पाजत होती, पण त्यांना चोखता येत नव्हतं, दूध तोंडातून परत बाहेर यायचं, पुवात मिसळून. ती बोटांनी त्यांचे ओठ पुसायची आणि पुन्हा पाजायची. वास मी लिहीत नाही.

तेव्हा मी सांगितलं. अकरावा दिवस, पुढची तारीख, सगळं. उभ्याउभ्या, वीस हातांवरून, ओरडून.

ती कोकराचं तोंड पुसत राहिली. मग म्हणाली, "त्याच सांजंला बोलला असतास तर बावीस येगळी काढली असती, भिमा. बाकीची वाचली असती."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

एकशेदहातली त्रेसष्ट गेली. एकही तिनं ओढ्यात फेकलं नाही. छातीएवढे खड्डे काढून चुना घालून पुरली. चुना मी नेऊन ठेवायचो, ती मी गेल्यावर उचलायची.

मी तुमच्याकडं आलो होतो, आठवतंय का? म्हणालो, साहेब, खपलीचा नमुना घ्या, पुण्याला पाठवा, काय रोग आहे ते कळू द्या. तुम्ही फाईलमधून मान वर न काढता म्हणालात, "देवी असेल. दरवर्षी असते."

"मग तसं लिहून द्या."

"तपासल्याशिवाय कसं लिहून देऊ?"

"मग तपासा."

"तपासायला नमुना अधिकृतपणे घ्यावा लागतो. अधिकृतपणे घेतला की मेंढ्या कुठं गेल्या होत्या ते लिहावं लागतं." मग आवाज खाली आणून म्हणालात, "फाटक कोणी उघडलं होतं, भिमा? आचाऱ्यानं बघितलंय."

मी म्हणालो, मी उघडलं. आजही म्हणतो. फाटक मी उघडलं. पण अकराव्या दिवशी ताप असलेला मेंढा उचलून आणायचा फोन मी केला नव्हता. लाल पेन माझ्या हातात नव्हतं. हातमोजे मी पुरवले नव्हते.

दिवाळी जवळ आली. चांगदेव आमच्या वाड्याचा म्होरक्या. दिवाळीनंतर दहा-बारा घरं मेंढरं घेऊन एकत्र माळशेजनं खाली कोकणात उतरतात, कारण मार्गशीर्षापासून आण्याच्या पठारावर काडी राहत नाही. चांगदेव आत्याच्या वाघरीपासून लांब बांधावर येऊन बसला. मी होतो.

"बानूबाय, खपल्या गळाल्या का?"

"गळाल्या. आमावाश्याबी गेली."

"आपली देवी असती तर मी आजच म्हनलो असतो चल. तिची रीत मला ठावी हाय. पर ह्यो परदेशातला मेंढा व्हता. तितलं काय असलं तर ते किती दीस अंगात ऱ्हातं, कुनाला लागतं, मला काय म्हाईत? म्या धा घरांची मेंढरं संगं नेतोय."

"खरं हाय तुजं."

"भिमा, तुज्या साहेबाकडनं रोगाचं नाव लिवून आन. एक वळ. मग मी बघतो."

"आनतो, भाऊ."

"देतील का रं?"

आत्या म्हणाली, "त्यांनी जीपा घेतल्यात, पेन असल की."

मी तुम्हाला पुन्हा लेखी अर्ज दिला. पोच घेतली. आणि चार दिवसांनी तुम्ही स्वतः आण्याला आलात. मला खरंच वाटलं, नमुना घ्यायला आलात. तुम्ही जीपमधून उतरला नाहीत. काच अर्धी खाली करून एक कागद पुढं केलात. आरोग्य प्रमाणपत्र. सत्तेचाळीस मेंढ्या, तपासल्या, निरोगी, वाहतुकीस हरकत नाही. तुम्ही त्यातली एक मेंढी बघितली नव्हती.

"बाई, हे घ्या. पुढं पारनेरची हद्द लागते. तिकडं जा, चारा आहे. नाहीतर सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात नेऊन मोकळ्या व्हा. हद्द ओलांडली की माझ्या दप्तरी विषय संपला."

आत्यानं कागद घेतला नाही. "साहेब, ह्यांच्यात रोग हाय का न्हाई?"

"निरोगी लिहिलंय ना."

"तुमी बगितलं का?"

"बाई, मी तुमचं भलं करतोय."

"मंग कंच्या रोगानं त्रेसष्ट गेली त्येवढं लिवा. ह्यो कागद ऱ्हाऊ द्या."

"ते मला लिहिता येणार नाही."

"मंग ह्यो कागद कुनाला दावू? मेंढरांना वाचून दावू का? बाजारात दुसऱ्याच्या गळ्यात घालू? त्येच्या घरीबी कोकरं असत्याल." तिनं जीपच्या चाकाकडं बोट केलं. "आनी जाताना चाकं धुवून जा. तुमी वाघरीच्या लई जवळ गाडी आनली."

तुम्ही काच वर केलीत. चाकं धुतली नाहीत. तिथून सरळ खाली गुळंचवाडीच्या दोन गोठ्यांवर थांबून गेलात, मला लोकांनी सांगितलं.

पुढच्या सोमवारी माझ्या हातात पत्र पडलं: परदेशी जनावराशी स्थानिक जनावरांचा संपर्क घडवून आणल्याबद्दल कामावरून कमी. त्या पत्रात मेंढ्याला परदेशी जनावर म्हटलंय, संपर्क म्हटलंय. म्हणजे संपर्कानं काही होतं हे तुम्हाला पटलेलं आहे. मग काय होतं, ते का लिहीत नाही? मला काढलंत, काढा. मी त्याच्याविरुद्ध अर्ज करणार नाही.

चांगदेवचा वाडा निघून गेला. जाताना तो मोठा वळसा घालून गेला, आत्याच्या मेंढरांचा वारा लागू नये म्हणून. तिनं त्याला वाईट म्हटलं नाही. ती त्याच्या जागी असती तर तिनंही तेच केलं असतं. तुमचं खोटं प्रमाणपत्र घेऊन ती त्याच्यामागं जाऊ शकली असती, चांगदेवला वाचता येत नाही. गेली नाही. आता पठार पांढरं पडलंय. ती सत्तेचाळीस मेंढरांना बाभळीच्या शेंगा झोडून घालते, दोन कोस लांबून, कारण जवळच्या बाभळीखाली दुसऱ्यांची मेंढरं येतात. देशाची सीमा कशी राखायची याचं प्रशिक्षण तिला कोणी दिलेलं नाही.

चांगदेवची माणसं पंधरवडाभर मुरबाडच्या बाजूला थांबतील, मग आणखी खाली सरकतील. तोवर तिला गाठता येईल. तोवर तुमचं पत्र यायला पाहिजे.

तो मेंढा कोणत्या रोगानं आजारी होता? तो रोग बरी झालेली मेंढी किती दिवस दुसऱ्याला देते? बाकीचे अकरा नर अठ्ठावीस तारखेच्या आधी कुठल्या कुठल्या गावांत वाटलेत? खपल्या मी बाटलीत भरून ठेवल्यात, पाहिजे तर माणूस पाठवा, तो हात धुऊन आला तर आत्या जवळ येऊ देईल. मात्र रोगाचं नाव लेखी पाहिजे, खाली तारीख खरी पाहिजे, आणि सही करण्याआधी जनावर बघितलेलं पाहिजे.

कधी देताय, साहेब?